होकायंत्राविना समुद्रप्रवास

* साखरा (जि. हिंगोली) येथून ध्रुवतारा क्षितिजावर सुमारे 20 अंश उंच दिसतो, हात ताणून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा. उत्तरेला जावे तशी ही उंची वाढते. अरबी समुद्रावरचे नाविक ती 'कमाल'ने मोजत: छोटी लाकडी फळी, तिला गाठी मारलेली दोरी, गाठ दातांत. व्हायकिंगांच्या उन्हाळी रात्री मात्र इतक्या उजळ की तारे दिसणेच कठीण. त्यांची भिस्त सूर्य, पक्षी आणि देवमाशांवर. नॉर्वेहून ग्रीनलंडला निघाल्यावर फेरो बेटांच्या दक्षिणेने इतके दूर राहायचे की पृथ्वीच्या गोलाईमुळे तिथले डोंगर निम्मेच समुद्रावर दिसावेत. अंतर राखण्याची किती नेमकी रीत! ढगाआडचा सूर्य दाखवणारा 'सूर्यमणी' त्यांच्या एकाही जहाजात सापडलेला नाही. — संपा.