स्टेपनी आणि तिचीं हत्यारें

परभाषेंतून मराठींत आलेले शब्द पुष्कळ आहेत. परंतु 'स्टेपनी' या शब्दाचा प्रवास जितका लांबचा तितकाच मौजेचा आहे. कर्जतच्या नाक्यावरील पिकअपचा चालक, खोपोलीचा पंक्चरवाला आणि पुण्यामुंबईचा सुशिक्षित मोटारमालक हे तिघेही जादा चाकाला स्टेपनी म्हणतात, आणि हा इंग्रजींतला रोजच्या वापरांतील शब्द असावा अशी तिघांचीही समजूत असते. आजच्या इंग्लंडांत हा शब्द उच्चारला तर ऐकणारास लंडन शहराची एक वस्ती आठवेल. चाक आठवणार नाहीं.

या शब्दाचें जन्मस्थान वेल्स प्रांतांतील लानेली हें गांव. तेथील स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर थॉमस मॉरिस डेव्हिस व त्याचा भाऊ वॉल्टर यांचा लोखंडी सामानाचा व्यवसाय होता. त्या काळच्या मोटारींचीं चाकें बहुधा लांकडी आऱ्यांचीं असत आणि तीं आंसावरून सहजासहजीं निघत नसत. टायर फुटला म्हणजे चालकानें रस्त्याच्या कडेला बसावें, पोलादी पट्ट्यांनीं टायर उचकटावा, आंतली ट्यूब बाहेर काढून तिला ठिगळ लावावें, पुन्हा सारें जागचे जागीं बसवावें आणि हातपंपानें हवा भरावी. रात्र असो, पाऊस असो, याखेरीज गति नव्हती. १९०४ सालीं डेव्हिस बंधूंनीं आरे नसलेली एक गोल कडी तयार केली. तिच्यावर हवा भरलेला टायर आधींच चढविलेला असे. फुटलेलें चाक काढावयाचें नाहीं. ही कडी त्याच्या बाहेरच्या अंगास पकडींनीं घट्ट करावयाची आणि घर गांठावयाचें. या जादा चाकाला रस्त्याचें नांव मिळालें आणि तें जगभर गेलें. पुढें ती युक्ति मागें पडली, चाकाचा आकार बदलला, त्याचें काम करण्याची रीत बदलली. पण हिंदुस्थानांत आणि दूर माल्टा बेटावर शब्द टिकून राहिला. ब्राझीलमधील लोक जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात, तोही याच घराण्यांतला. मराठी माणसानें तर त्याला माणसासही लावलें. ऐनवेळीं कामास यावा म्हणून बाजूस उभा केलेला उमेदवार आपल्याकडे स्टेपनीच म्हणवितो.

शब्द टिकला, चाकही टिकलें. टिकत नाहींत तीं त्या चाकाचीं हत्यारें. जुन्या पिकअपच्या मालकाला हा अनुभव नेमका अडचणीच्या जागीं येतो, आणि अशा जागा कर्जत-खालापूरच्या मुलखांत थोड्या नाहींत.

हा मुलूख घाटाच्या पायथ्याचा. बोरघाटाचा गाडीरस्ता सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुला झाला, आणि पनवेल, चौक, खालापूर, खोपोली ही माळ देशाच्या व कोंकणाच्या रहदारीची मुख्य वाट बनली. पुढें १८६३ मध्यें घाटांतून आगगाडीही वर चढूं लागली. तिची चढण कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतकी असल्यामुळें गाडीला मागून रेटा देणारीं जादा एंजिनें कर्जतला लावण्यांत येतात. घाट चढावयाचा तर जवळ कांहीं तरी जादा हवें, हें शहाणपण या भागाला मोटार येण्यापूर्वींच ठाऊक होतें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

माल्कमच्या रस्त्यावरून बैलगाड्या जात, तेव्हां चाकाची चिंता निराळ्या प्रकारची होती. आरा निखळला किंवा लोखंडी धाव सैल झाली तर गाडीवान जवळच्या गांवच्या सुताराकडे व लोहाराकडे जाई. हत्यारें कारागिराचीं होतीं, प्रवाशाचीं नव्हतीं. आणि एका गांवच्या लोहाराला दुसऱ्या गांवची धाव परकी वाटत नसे. मोटारीनें ही व्यवस्था उलटी केली. १९०८ च्या सुमारास दाबलेल्या पोलादी पत्र्याचीं, नट सोडवून संबंध काढतां येणारीं चाकें इंग्लंडांत प्रचारांत येऊं लागलीं, आणि स्टेपनी म्हणजे पुरें पांचवें चाक असा अर्थ रूढ होत गेला. चाक बदलणें सोपें झालें खरें. परंतु आतां गाडी उचलणारा जॅक, नट फिरविणारा पाना आणि पान्याला जोर देणारी टॉमी हीं तिन्ही प्रवाशानें स्वतः बाळगावयाचीं झालीं. यांतलें एक नसेल तर उत्तम स्थितींतलें पांचवें चाकही केवळ ओझें ठरतें.

आणि हीं हत्यारें बैलगाडीच्या धावेसारखीं सर्वांना सारखीं नव्हतीं. येथें थोडा मुंबईचा इतिहास सांगणें अवश्य आहे, कारण घाटाखालच्या गाड्या मुंबईहूनच येत. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईला शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर कंपनी स्थापिली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून अमेरिकन क्रायस्लर घराण्याच्या डॉज व फार्गो मालमोटारी बाहेर पडूं लागल्या. महायुद्ध संपल्यावर लष्करानें मोडीत काढलेल्या लॉऱ्या आणि जीपगाड्या खासगी मालकांच्या हातीं आल्या. १९४९ मध्यें महिंद्र कंपनीनें माझगांवला विलिस जीप जोडावयास आरंभ केला. १९५४ सालीं टाटांनीं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशीं करार करून जमशेदपुरास मालमोटारी काढल्या. म्हणजे पांचपंचवीस वर्षांच्या अवधींत इंग्रजी, अमेरिकन आणि जर्मन अशा तीन घराण्यांचीं चाकें एकाच बोरघाटांतून फिरूं लागलीं, आणि तिन्ही घराण्यांचीं मापें वेगळीं!

अमेरिकन पान्यावर नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर इंचांत लिहिलेलें असे. इंग्रजी व्हिटवर्थ पान्यावरचा आंकडा नटाचा नसून त्यांतून जाणाऱ्या बोल्टाच्या जाडीचा असे. त्यामुळें अर्धा इंच लिहिलेला व्हिटवर्थ पाना अर्ध्या इंचाच्या अमेरिकन पान्याहून पुष्कळच मोठा निघे. जर्मन पाना मिलिमीटरचा. १९५६ च्या कायद्यानें भारतानें दशमान मापें स्वीकारलीं आणि १९५८ पासून तीं क्रमानें अमलांत आलीं. पण रस्त्यावरच्या जुन्या गाडीचा नट कायद्याचा हुकूम ऐकून आपला आकार बदलीत नाहीं. विलिस जीपच्या चाकाचा नट पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. त्याला १९ चा पाना चालून जातो, हें दैव. परंतु तेरा सोळांश इंचाचा नट २०.६ मिलिमीटरचा असतो. त्यावर २१ चा पाना बसतो खरा, पण ढिला. पहिल्याच जोरास नटाचे कोपरे झिजतात, आणि नट गोल झाला कीं पुढें छिन्नी-हातोड्यावांचून उपाय राहत नाहीं.

याहून घातक गोष्ट आट्यांची. जुन्या जीपगाड्यांत आणि क्रायस्लर घराण्याच्या गाड्यांत उजवीकडच्या चाकांचे आटे सुलटे, तर डावीकडच्या चाकांचे उलटे असत. गाडी चालत असतां डावीकडचे नट आपोआप सैल होतील, अशी त्या वेळच्या रचनाकारांना भीति होती. पुढें निमुळत्या बैठकीच्या नटांमुळें ती भीति अनाठायीं ठरली आणि उलटे आटे बहुतेक गाड्यांतून गेले. परंतु जुन्या गाड्यांवर ते राहिले. ज्याला हें ठाऊक नाहीं तो नट सैल करावयाच्या हेतूनें तो अधिकच आवळतो. नट हलत नाहीं म्हणून तो पान्यांत पाइप घालतो, पाइपावर उभा राहतो, आणि अखेर बोल्टच तुटतो. शक्ति जितकी अधिक तितकें नुकसान अधिक! बोल्टाच्या तोंडावर कोरलेलें रोमन लिपींतील 'एल' हें अक्षर गंजाखालीं झांकून गेलेलें असतें. तें घांसून पाहिलें असतें तर नट घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें निमूटपणें सुटला असता.

जीपची आणखी एक खोड घाटांत जिवावर बेतणारी आहे. तिचा हातब्रेक मागच्या चाकांवर नसून एंजिनाकडून मागें जाणाऱ्या दांड्यावर असे. सपाटीवर त्यानें भागतें. पण उतारावर मागचें एक चाक जॅकनें उचललें कीं तें अधांतरीं चाक मोकळें फिरूं लागतें, ब्रेकची पकड सुटते आणि गाडी जॅकवरून घसरते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दगड लावणें हा जुन्या चालकांचा रिवाज होता. दगड हेंही एक हत्यारच समजलें पाहिजे. चाक बदलून झाल्यावर तोच दगड रस्त्यांत तसाच टाकून पुढें जाणें हा मात्र रिवाज नव्हे, अपराध आहे. अंधारांत मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्याची किंमत द्यावी लागते.

१९५३ सालीं सरकारी धोरण असें ठरलें कीं, ज्या कंपन्या सुटे भाग याच देशांत बनविण्याची योजना करणार नाहींत त्यांनीं येथें केवळ जोडणीचा धंदा करूं नये. शिवडीचा कारखाना त्यानंतर लवकरच बंद पडला. धोरण देशाच्या हिताचें होतें यांत शंका नाहीं. परंतु ज्या गाड्या आधींच रस्त्यावर होत्या त्या पोरक्या झाल्या. त्यांच्या मालकांना चोरबाजाराची वाट धरावी लागली. जुन्या हत्यारांच्या बाजारांत अशा शोधाची जी विद्या तयार झाली ती आजही निरुपयोगी झालेली नाहीं, कारण आतां तीच पाळी पिकअपवर आली आहे.

पुण्याच्या कारखान्यांतून १९८८ सालीं टाटामोबाइल ही पिकअप निघाली, आणि पुढें या जातीच्या गाड्यांनीं घाटाखालचा व्यवहारच बदलून टाकला. भात, भाजीपाला, विटा, लग्नाचा मांडव, सारें तिच्यावर जातें. पिकअपच्या रचनेंत स्टेपनी बहुधा मालाच्या फळीखालीं, गाडीच्या पोटाशीं टांगलेली असते. जागा वांचते, पण तीं नेहमींचीं तीन हत्यारें पुरत नाहींत. टांगलेलें चाक खालीं सोडण्यास कित्येक गाड्यांत एक लांब दांडा लागतो. तो मागच्या भोंकांतून आंत घालून फिरविला कीं साखळी किंवा तारेचा दोर सुटतो आणि चाक जमिनीवर येतें. या दांड्याचें टोंक प्रत्येक कंपनीनें निराळें केलें आहे. कोठें चौकोनी, कोठें चपटें, कोठें वांकडें. कोंकणच्या चार महिन्यांच्या पावसांत चिखल साचून ती साखळी गंजते, तें वेगळेंच.

अशी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाते तेव्हां नोंदणीचें पुस्तक हातीं येतें, विम्याचा कागद येतो, किल्ली येते. दांडा आणि पाना आले कीं नाहीं हें कोणी मोजीत नाहीं. लष्करांत गाडीबरोबर हत्यारांची यादी असे आणि ताबा देतांना ती तपासली जाई. नागरी व्यवहारानें लष्कराच्या गाड्या घेतल्या, यादी घेतली नाहीं. मग एखाद्या सायंकाळीं चौक-कर्जत रस्त्यावर, मागें पूर्ण भार असतां, टायर बसतो आणि मालकास प्रथमच कळतें कीं सीटमागें कांहींच नाहीं.

अशा वेळीं शोध कसा करावा? कंपनीच्या दुकानीं जुन्या नमुन्याचा संच मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास खोपोली किंवा पनवेलचीं दुकानें, आणि त्याहून पुढें कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार आहे. परंतु नुसतें गाडीचें नांव सांगून तेथें जाणें फुकट. चाकाचा नट सोडवून खिशांत न्यावा. दुकानदार त्यावर पाना घालून पाहील आणि बोलणें तेथेंच संपेल. जॅकचें वजन पेलण्याचें माप सर्वजण विचारतात. त्याची कमींत कमी उंची कोणी विचारीत नाहीं. टायर पुरता बसल्यावर आंस किती खालीं येतो तें मोजून ठेवावें, नाहींतर कितीही बलवान् जॅक आंसाखालीं शिरणारच नाहीं. दांड्याच्या टोंकाचा ठसा ओल्या मातींत किंवा साबणाच्या वडींत घेतां येतो. तो घेऊन गेल्यास कर्जतचा वेल्डिंगवाला जुन्या सळईचा दांडा करून देतो, आणि बहुधा तो चालतो. पान्याच्या बाबतींत मात्र ही काटकसर धोक्याची आहे. नळीच्या तोंडाला नट वितळवून जोडलेला घरगुती पाना पहिल्या दोन चाकांपुरता टिकतो. तिसऱ्या वेळीं सांधा उकलतो आणि हात चाकाच्या कडेवर आपटतो. घडीव पोलादाचा जुना पाना, गंजलेला असला तरी, त्यापेक्षां शंभर पटीनें बरा.

२००२ मध्यें मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग संपूर्ण खुला झाला. तो खालापूर तालुक्यांतूनच जातो. जुन्या रस्त्यावर चाक बदलणाऱ्याभोंवतीं चार माणसें जमत व कोणी ना कोणी पाना देई. द्रुतगति मार्गावर कोणी थांबत नाहीं आणि थांबूंही नये. तेथें पाना शोधण्यांत गेलेला प्रत्येक क्षण भरधाव गाड्यांच्या अगदीं शेजारीं जातो.

२०२० सालच्या नियमदुरुस्तीनें, नऊ माणसांपर्यंतच्या ज्या मोटारींत ट्यूबविरहित टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व पंक्चर बुजविण्याचा संच आहे, त्यांना स्टेपनी बाळगण्याची सक्ति उरलेली नाहीं. शहरांतल्या नव्या मोटारींतून पांचवें चाक त्यामुळें हळूहळू नाहींसें होऊं लागलें आहे. कर्जत-खालापूरच्या जुन्या पिकअपखालीं तें अजून टांगलेलें आहे, आणि तें खालीं उतरविणारा दांडा कोणाच्या तरी गोठ्यांत, आधींच्या मालकाच्या घरीं, खुंटीला अडकून राहिलेला असण्याचा बराच संभव आहे. शोधाची सुरुवात तेथूनच केलेली बरी.