हापसा बिघडला तर कुणाला सांगायचं?

२००६ साली न्यूयॉर्कला क्लिंटन ग्लोबल इनिशिएटिव्हच्या मंचावरून लॉरा बुश यांनी एक घोषणा केली. दक्षिण आफ्रिकेतल्या 'प्लेपंप'साठी अमेरिकी सरकार आणि केस फाउंडेशन मिळून १ कोटी ६४ लाख डॉलर देणार होते. कल्पना ऐकताक्षणी आवडावी अशीच होती. बागेत असतं तसं गोल फिरणारं चक्र, त्याखाली बोअर. मुलं खेळणार, पाणी उंचावरच्या टाकीत चढणार आणि टाकीवरच्या जाहिरातींच्या पैशातून देखभाल होणार. २०१० पर्यंत असे ४,००० पंप बसवायचे होते.

मुलं काही दिवस खेळली, मग कंटाळली. मलावी आणि मोझांबिकमध्ये बायकाच वाकून ते चक्र ढकलू लागल्या. २००९ मध्ये 'गार्डियन'ने हिशेब मांडला: ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेसं पाणी द्यायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल! एका प्लेपंपच्या पैशात चार साधे हातपंप बसले असते. २०१० मध्ये मोहीम गुंडाळली गेली.

त्यातल्या 'साध्या हातपंपा'चा इतिहास मात्र कमी सांगितला जातो. त्याची सुरुवात आपल्या जालना-सोलापुरात आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी दुष्काळामुळे कातळात बोअर मारायची यंत्रं देशात आली. खाली पाणी लागलं, पण वर बसवलेले पंप बिडाचे होते. युरोप-अमेरिकेत एका कुटुंबाने वापरायच्या पंपांच्या त्या नकला. इथे एका पंपावर अख्खं गाव रांग लावायचं. दांड्याचे सांधे झिजायचे, बीड तडकायचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफला आढळलं, की बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बंदच आहेत.

यावर उत्तर सापडलं ते मिशनच्या वर्कशॉपांमध्ये. जालन्यात आणि सोलापुरात बोअरचं काम करणाऱ्या मंडळींनी बिडाऐवजी पोलाद घेतलं, अनेक सांध्यांच्या जागी एकच भक्कम सांधा ठेवला आणि दांड्याला साखळी जोडली, म्हणजे आतली सळई सरळ वरखाली होते. सोलापूरच्या या पंपावरून सरकार, युनिसेफ आणि कारखानदारांनी मिळून 'इंडिया मार्क टू' घडवला. कोइमतूरजवळ त्याच्या चाचण्या झाल्या आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी उत्पादन सुरू झालं. आपल्या गावाकडचा हापसा तो हाच.

१९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रांचं पेयजल दशक. त्या काळात हा पंप आफ्रिकेत पोचला. युगांडात तर त्याचंच रूप 'यू टू' या नावाने राष्ट्रीय नमुना झालं.

पण तिथे दोन अडचणी आल्या. अनेक भागांत भूजल आम्लधर्मी, त्यामुळे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप गंजले आणि पाणी तांबूस, बेचव येऊ लागलं. दुसरी अडचण जास्त मोठी. आतलं चामड्याचं वायसर झिजलं, की ते बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागतात. त्याला तिकाटणं लागतं, चार-पाच माणसं लागतात, गाडी लागते. आपल्याकडे तालुक्याहून दुरुस्तीची गाडी यायची, उशिरा का होईना. तिथे तालुकाच दीडशे किलोमीटरवर आणि रस्ता पावसात बंद. चार आण्यांच्या वस्तूसाठी बाई पुन्हा डबक्यावर.

म्हणून जागतिक बँक आणि यूएनडीपीच्या प्रकल्पाने नवी अट घातली: पंप गावालाच दुरुस्त करता आला पाहिजे. त्यातून 'आफ्रिदेव' आला. मलावीत सुरुवात झाली, केनियात तो आकाराला आला. पाइप प्लास्टिकचा, आणि तो न काढता आतला दट्ट्या वर ओढता येतो. जवळपास सगळं काम एका पान्याने होतं. केनियाच्या किनाऱ्यावरच्या क्वालेमध्ये बायकांच्या समित्यांनी वर्गणी काढून पंप सांभाळले.

एवढं होऊनही २००९ च्या एका अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत साधारण तीनातला एक हातपंप बंद होता. पाना गावात होता, पण सुटा भाग दुकानात नव्हता. वर्गणी संपली होती. देणगीदाराचा फोटो काढून झाला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे लाँचच्या दिवशी केक कापतात, पण सहा महिन्यांनी रात्री तीनला सिस्टीम पडली तर फोन कुणाला लावायचा, हे ठरवताना सगळे खाली बघतात. त्यामुळे केनियातला पुढचा प्रयोग मला फार जवळचा वाटतो.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी क्यूसो भागातल्या हातपंपांच्या दांड्यात एक छोटं यंत्र बसवलं. दांडा किती हलला हे ते एसएमएसने कळवायचं. हालचाल थांबली, की मेकॅनिक निघायचा. दुरुस्तीला सरासरी २७ दिवस लागायचे, ते तीनाच्या आत आले.

चिप बघून खूश व्हावंसं वाटतं. पण एसएमएस आला म्हणून पंप दुरुस्त होत नव्हता. सुटे भाग घेऊन निघणारा, पगार मिळणारा एक माणूस त्या टोकाला होता. स्वाहिलीत कारागिराला 'फुंडी' म्हणतात. पुढे क्वाले आणि कितुईमध्ये याच कामाची कायमची सेवा सुरू झाली, तेव्हा तिचं नाव चिपवरून पडलं नाही. ते पडलं 'फुंडीफिक्स'.