कारची बॅटरी किती वर्षं टिकते? उन्हाळ्यात खराब होणारी बॅटरी थंडीत का बसते?

‘कालपर्यंत तर एका सेल्फमध्ये गाडी सुरू होत होती’, बॅटरीच्या दुकानात रोज ऐकू येणारं हे वाक्य. कारची बॅटरी एका रात्रीत बसली असं वाटतं, पण ती बहुतेक वेळा कित्येक महिने आधीपासून कमजोर होत असते. फक्त तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. मग रात्री दवाखान्यात जायचं असतं, पहाटेची ट्रेन गाठायची असते आणि बॉनेटखालून नुसती ‘टक-टक’ ऐकू येते.

ही वेळ का येते, बॅटरी नेमकी किती टिकते आणि तिचं आयुष्य वाढवण्यासाठी काय करता येतं? समजून घेऊया.

बॅटरीच्या आत असतं काय?

पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांमध्ये आजही प्रामुख्याने लेड-ॲसिड बॅटरीच वापरली जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये ती तयार केली. शिशाच्या प्लेट्स आणि पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड, एवढाच तिचा मूळ मामला.

बॅटरीत सहा कप्पे म्हणजेच सेल असतात. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. त्यामुळे ज्याला आपण ‘१२ व्होल्टची बॅटरी’ म्हणतो, ती पूर्ण चार्ज असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते.

पूर्वी गाडी हँडल मारून सुरू करावी लागायची. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये आला आणि बॅटरीचं महत्त्व एकदम वाढलं. आजही तिचं सगळ्यात अवघड काम हेच. सेल्फ मारताना छोट्या कारचा स्टार्टरही काही क्षण शंभर अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढतो. इंजिन सुरू झालं की वीज अल्टरनेटर पुरवतो आणि बॅटरीही तोच चार्ज करतो.

मग आयुष्य किती?

साधारण तीन ते पाच वर्षं. पण हा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. रोज तीस-चाळीस किलोमीटर धावणाऱ्या आणि सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी पाच वर्षं सहज काढू शकते. आठवड्यातून एकदा भाजीला बाहेर पडणाऱ्या आणि बाकी दिवस उन्हात तापणाऱ्या गाडीची बॅटरी तीन वर्षांच्या आतही मान टाकते.

वॉरंटी कार्डवरचा आकडा म्हणजे बॅटरीचं आयुष्य नव्हे. अनेक बॅटऱ्यांची वॉरंटी दोन भागांत असते. पहिल्या काळात बॅटरी फुकट बदलून मिळते, दुसऱ्या काळात नव्या बॅटरीवर फक्त ठरावीक सूट मिळते. त्यामुळे ‘चार वर्षांची वॉरंटी’ ऐकून खूश होण्याआधी कार्ड नीट वाचायला हवं.

खरा शत्रू ऊन की थंडी?

अनेकांना वाटतं की बॅटरी थंडीमुळे खराब होते. प्रत्यक्षात जास्त नुकसान उष्णता करते. तापमान वाढलं की बॅटरीतल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात. पाणी उडतं आणि प्लेट्स झिजतात. ढोबळ नियम असा की सरासरी तापमान १० अंशांनी वाढलं तर बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल याचा अंदाज करा.

थंडीत मात्र हे नुकसान उघडं पडतं. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. मे महिन्यात खंगलेली बॅटरी म्हणूनच डिसेंबरच्या सकाळी हात वर करते. खापर मात्र थंडीवर फुटतं.

गाडी उभी असली तरी बॅटरी का उतरते?

गाडी बंद असली तरी पूर्ण झोपलेली नसते. सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर असे भाग थोडी थोडी वीज घेतच राहतात. हा करंट साधारण ३० मिलिअँपिअर धरला, तर महिन्याभरात २१-२२ अँपिअर-अवर वीज खर्च होते. छोट्या कारमधली बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे गाडी महिनाभर नुसती उभी राहिली तरी निम्म्याहून जास्त बॅटरी रिकामी! २०२० च्या लॉकडाऊननंतर अनेकांच्या गाड्या सुरू झाल्या नाहीत, त्यामागे हेच गणित होतं.

त्यात कोणी डॅशकॅम किंवा जादा म्युझिक सिस्टीम चुकीच्या वायरवर जोडली असेल, तर बॅटरी आणखी लवकर उतरते. हेडलाइट सुरू राहिले तर तीन-चार तासही पुरतात.

बॅटरी बराच काळ उतरलेली राहिली की प्लेट्सवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात. याला सल्फेशन म्हणतात. एकदा ते घट्ट बसले की कितीही चार्ज केलं तरी बॅटरी पूर्वीसारखी होत नाही.

रोज पाच मिनिटं गाडी सुरू ठेवली तर?

हा उपाय घराघरांत सांगितला जातो, पण तो फारसा उपयोगी नाही. जागेवर उभ्या गाडीत इंजिन कमी वेगाने फिरतं, त्यामुळे अल्टरनेटरही कमी वीज देतो. त्यात एसी आणि लाइट सुरू असतील तर बॅटरीच्या वाट्याला काहीच उरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर चालवून आणणं चांगलं. महिनाभर गावी जाणार असाल तर जाणकाराकडून निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवता येतं. मात्र त्यामुळे घड्याळ, रेडिओची सेटिंग्ज जाऊ शकतात.

घरच्या घरी काय तपासता येतं?

साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी व्होल्टेज मोजा.

• १२.६ व्होल्टच्या आसपास : बॅटरी पूर्ण चार्ज
• १२.४ : साधारण ७५ टक्के
• १२.२ : साधारण ५० टक्के, चार्जिंगची गरज
• १२ किंवा त्याखाली : बॅटरी जवळपास उतरलेली

इंजिन सुरू केल्यावर हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ दरम्यान जायला हवा. तो १२ च्या घरातच राहिला तर दोष अल्टरनेटरचा किंवा वायरिंगचा असू शकतो. ही तपासणी न करता नवी बॅटरी बसवली, तर हजारो रुपये जातात आणि चार दिवसांत गाडी पुन्हा बंद पडते. काही नव्या गाड्यांमध्ये चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे हा आकडा थोडा वर-खाली होऊ शकतो.

बॅटरीवरच्या ‘डोळ्या’वर पूर्ण भरवसा ठेवू नका. हिरवा रंग दिसला तरी तो सहापैकी एकाच सेलची स्थिती सांगतो.

काळजी कशी घ्यायची?

• टर्मिनलवर पांढरी-हिरवट पावडर जमली असेल तर बॅटरीचे कनेक्शन काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि ब्रशने साफ करा. कोरडं झाल्यावर पेट्रोलियम जेली लावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईच्या दमट हवेत, याकडे जास्त लक्ष द्या.
• काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना आधी पॉझिटिव्ह. हा क्रम चुकवू नका.
• पाणी भरायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाच्या पाण्यातले क्षार बॅटरीचं नुकसान करतात. एसीतून ठिबकणारं पाणीही चालत नाही, कारण त्यात धूळ आणि धातूचे कण असू शकतात.
• बॅटरी जागेवर घट्ट बसलेली हवी. खड्ड्यांमधले हादरे आतल्या प्लेट्सना इजा करतात.
• इंजिन बंद असताना गाणी, लाइट, मोबाइल चार्जिंग तासन् तास सुरू ठेवू नका.
• स्टार्ट-स्टॉप गाडीत कंपनीने सांगितलेल्या प्रकारचीच बॅटरी बसवा. साधी बॅटरी तिथे लवकर संपते.

जंप स्टार्ट करताना काय सांभाळायचं?

लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. कारण चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे जवळ सिगारेट, काडीपेटी नकोच. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर चेक’ करण्याची जुनी पद्धतही विसरा. व्होल्टेज अचानक वाढून गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. ऑटोमॅटिक गाड्यांना धक्का स्टार्टचाही पर्याय नसतो.

जुन्या बॅटरीचं काय करायचं?

ती कुठल्याही भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरी उघड्यावर फोडली की ॲसिड जमिनीत मुरतं आणि शिशाची धूळ आजूबाजूला पसरते. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे दिली तर किमतीत सूटही मिळते.

इलेक्ट्रिक कार घेतली म्हणजे या कटकटीतून सुटका झाली, असंही नाही. तिच्यातही लाइट, लॉक आणि कॉम्प्युटरसाठी १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी फुल चार्ज असूनही गाडी सुरू होत नाही. त्यामुळे गाडी कुठलीही असो, बॅटरी तीन वर्षांची झाली की दर सर्व्हिसिंगला ती तपासून घ्या. सेल्फ नेहमीपेक्षा जड फिरू लागला किंवा सेल्फ मारताना लाइट एकदम मंद झाले, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नका.