नीतीचे क्रमिक पुस्तक

सरकारी महाविद्यालयांत धर्म शिकवला जात नसल्याने तेथून बाहेर पडणारे तरुण श्रद्धाहीन व बेशिस्त निपजतात, अशी तक्रार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास ऐकू येई. १८८२ साली नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाने त्यावर तोड काढली ती अशी : ‘नैसर्गिक धर्मा’च्या, म्हणजे कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार न घेता केवळ बुद्धीला पटणाऱ्या धर्माच्या, मूलतत्त्वांवर नीतीचे एक पाठ्यपुस्तक रचावे, आणि प्राध्यापकांनी मनुष्य व नागरिक यांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत.

आयोगाचे एक सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी या शिफारशींस लेखी विरोध नोंदवला. त्याच वर्षी मॅक्स म्युलर यांच्या ग्रंथमालेत तेलंगांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले होते. तेव्हा धर्माविषयीच्या अनास्थेतून हा विरोध उपजला, असे कोणासही म्हणता येणार नाही. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. महाविद्यालयीन वयात नीती सूत्रे वाचून अंगी बाणत नाही. एकूण अध्ययन, तेथील वातावरण आणि गुरुजनांचे आचरण यांतून ती घडत जाते.

याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन ठेवले. प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध व हिशेब यांबरोबर नीतीचे काही पाठ असावेत, असे त्यांनीही सुचवले. मात्र त्यांचा खरा भर होता तो शिक्षकावर. सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांमुळे मुलांपासून अंतर राखणारा पंतोजी त्यांना नको होता. प्रसंगी नांगर हाती धरू शकेल, शेतकऱ्यांत मिसळेल असा शिक्षक हवा होता. त्याचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, हेही त्यांनी स्पष्ट नोंदवले.

तेलंग आणि फुले यांची सामाजिक भूमी सर्वस्वी भिन्न. तरीही नीतिशिक्षणाचे मर्म दोघांनाही शिक्षकाच्या वागण्यातच दिसले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हिंदुस्थान सरकारने १८८४ साली पाठ्यपुस्तकाची कल्पना बाजूला ठेवली. मूळ मोह मात्र सुटला नाही. मूल्यशिक्षणाचे तास, परिपाठ, सुविचारांचे फलक ही त्याचीच पुढची रूपे होत. याचे कारण उघड आहे. पुस्तक छापणे स्वस्त असते. ज्याच्याकडे पाहून मूल शहाणे होईल असा माणूस शाळेत आणून टिकवणे महाग पडते. फुल्यांनी नीतीचे पाठ मागताना पगाराचा आकडाही सांगितला होता. आपण त्यातले पाठ तेवढे उचलले.