परीक्षेतील लेखनिक : एक ऐतिहासिक टिपण

महाविद्यालयीन परीक्षा मुख्यतः लेखी असते आणि तीत ज्ञानाबरोबर हाताचीही परीक्षा होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याचा हात चालत नाही अथवा ज्यास कागद दिसत नाही, त्याला ती पहिल्याच दिवशी कळते. अशा विद्यार्थ्याच्या वतीने लिहिणाऱ्या लेखनिकाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

वऱ्हाडास हा प्रश्न अनोळखी वाटावयाचे कारण नव्हते. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी बाल्यातच गेली होती. इतरांकडून ग्रंथ वाचून घ्यावेत आणि स्वतःचे इतरांच्या हातून लिहवून घ्यावेत, असा त्यांचा क्रम असे. त्या ग्रंथांचे कर्तृत्व लिहून घेणाऱ्यांकडे द्यावे, असे कोणास सुचले नाही. जुन्या मराठीत ‘लेखक’ या शब्दाचा अर्थच लिहून घेणारा असा होता. ज्ञानेश्वरीचे कर्ते ज्ञानेश्वर व लेखक सच्चिदानंदबाबा, हा भेद मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. परीक्षागृहात मात्र हाच भेद संशयास पात्र ठरला.

१९५१ साली भारतीय भाषांकरिता भारती ब्रेल ही समान लिपी स्वीकारण्यात आली. तिची योजना भाषाभ्यासकास मनोज्ञ वाटेल. देवनागरीत ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या आधी येते; ब्रेलमध्ये ती उच्चारानुसार नंतर येते. ‘क’चा संकेत मराठीस व तेलुगूस एकच. यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनच्या परिसरात मराठीशेजारी तेलुगू, गोंडी व कोलामी बोलल्या जातात आणि पैनगंगेपलीकडे लिपीच बदलते. पण बोटांना मात्र दोन्ही तीरांवर तीच अक्षरे लागतात. तथापि ब्रेलने वाचनाची सोय झाली, उत्तरपत्रिकेची नव्हे. परीक्षकास सामान्यतः ब्रेल येत नाही. म्हणून लेखनिकाची गरज उरलीच.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमातील कलम ३१ ने अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांस लेखनिक पुरविण्याचे बंधन शिक्षणसंस्थांवर घातले. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी केंद्र शासनाने काढलेल्या सूचनांनी तासामागे किमान २० मिनिटे अधिक वेळ देऊ केला, आणि लेखनिकाचे शिक्षण वा गुण यांवर अट घालू नये असेही सांगितले. २०१६ च्या अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले व उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखल्या. परंतु २९ ऑगस्ट २०१८ च्या सुधारित सूचनांत विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाची पात्रता त्याच्याहून एक पायरी खाली असावी, अशी अट आली.

११ फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार प्रकरणातील निर्णय या इतिहासात विशेष महत्त्वाचा होय. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या या उमेदवारास केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाण हे राखीव जागांसारख्या लाभांकरिता आहे. लेखनिकाची सोय त्या प्रमाणावर अडवून ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. सोय ही उपकाराची बाब नसून समानतेचा भाग आहे, ही भूमिका त्यात स्पष्ट झाली. तदनुसार १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या.

एक पायरी खालच्या लेखनिकाची अट नक्कल टाळण्यासाठी समजण्याजोगी आहे. पण लेखनिक हा केवळ लेखणी धरणारा नसतो. तो ऐकतो आणि ऐकलेल्याचे अक्षरांत रूपांतर करतो. पदव्युत्तर वर्गातील पारिभाषिक संज्ञा ज्याच्या कानावर कधी पडलेली नाही, तो ती चुकीची लिहिण्याचाच संभव अधिक. मुकुटबनसारख्या बहुभाषिक प्रदेशात ही अडचण आणखी वाढते. कोलामी ही द्राविड भाषा असून तिच्या मूळ शब्दांत महाप्राण व्यंजने नाहीत. कोलामभाषी विद्यार्थ्याने ‘भ’चा उच्चार ‘ब’कडे झुकता केला आणि त्या भागाचा परिचय नसलेल्या लेखनिकाने तसाच लिहिला, तर ती चूक कोणाची मानावयाची? त्याबद्दल गुण कापावयाचे की नाही, हे विद्यापीठांनी उत्तरपत्रिका परीक्षकाच्या हाती जाण्यापूर्वी ठरवावयास हवे.