कामठीची छावणी, मद्रासची लाट आणि तीन ओंडक्यांची होडी

१/१७
नागपूरच्या ईशान्येस, कन्हान नदीच्या काठी कामठी वसली आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या छावणीत दाखल होणाऱ्या अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांची हिंदुस्थानाशी पहिली गाठ एका फुटत्या लाटेवर पडलेली असे. ती लाट मद्रासच्या किनाऱ्यावरची. तिच्यावर कोणती होडी घालावी, या प्रश्नाचा हा इतिहास. आज लाटांवर उभ्याने वल्हवण्यासाठी फळी निवडणारेही तोच प्रश्न विचारतात.

२/१७
कामठीचा मद्रासशी संबंध कसा आला? नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी कंपनीची लढाई झाली. कंपनीच्या बाजूने लढलेल्या पायदळात मद्रास सैन्याच्या पलटणी प्रमुख होत्या. पुढे १८२१ मध्ये कन्हानच्या काठी छावणी उभी राहिली आणि नागपूरच्या तैनाती फौजेचे ते मुख्य ठाणे बनले. एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ येथे मद्रासच्याच पलटणी राहत. या सैन्यातील शिपाई आपली कुटुंबेही सोबत आणत.

३/१७
म्हणजे कामठीचा समुद्राकडचा दरवाजा मद्रास येथे होता. इंग्लंडहून येणारा अधिकारी तेथे उतरे आणि पुढे सुमारे ११०० किलोमीटरची वाट तुडवत विदर्भात पोहोचे. परंतु या दरवाजाला उंबरठा नव्हता. मद्रासला ना खाडी होती, ना बंदर. मोठी जहाजे किनाऱ्यापासून दूर उघड्या समुद्रात नांगर टाकत. माणसे, घोडे, दारूगोळा, टपाल, सारे काही लहान होड्यांतून फुटत्या लाटा ओलांडूनच किनाऱ्याला लागे.

४/१७
खोल समुद्रात लाट नुसती वरखाली होत पुढे सरकते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की तिचा तळाकडचा भाग मंदावतो, माथा पुढे झुकतो आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या आसपास आली की ती फुटते. मद्रासचा किनारा बंगालच्या उपसागराला थेट सामोरा. दुरून आलेल्या लाटांना अडवणारे मध्ये काहीच नाही. त्यामुळे फुटत्या लाटांच्या एकामागून एक रांगा तेथे सदैव उभ्या असत.

५/१७
युरोपीय जहाजांवरच्या होड्या या लाटांपुढे कुचकामी ठरत. त्यांची बांधणी ताठ, खाली कणा, फळ्या खिळ्यांनी सांगाड्याला जखडलेल्या. लाटेने उचलून वाळूवर आपटले की हा ताठपणाच घात करी. कणा वाळूत रुते, होडी लाटेला आडवी होई आणि पुढची लाट तिला उलथवून टाकी. खोल समुद्रात ज्या गुणांनी होडी तरते, तेच गुण उथळ पाण्यात तिला बुडवतात.

६/१७
किनाऱ्यावरच्या लोकांकडे याचे उत्तर शतकानुशतके तयार होते. त्या होडीला इंग्रजी कागदपत्रांत ‘मसुला’ म्हणत. तळ सपाट, बाजू उंच आणि साऱ्या बांधणीत एकही लोखंडी खिळा नाही. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असत आणि सांध्यांत गवताचा बोळा दाबून बसवलेला असे. आत सांगाड्याच्या फासळ्याही नसत. वाळूवर आपटताच ही होडी टोपलीसारखी लवे आणि आघात सगळ्या अंगात पसरवून पचवी.

७/१७
त्रिंकोमाली येथील नौकाबांधणी खात्यातील अधिकारी जॉन एडी याने १८३४ मध्ये या किनाऱ्यावरील होड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. मसुल्याची लांबी साधारण ३० ते ३५ फूट आणि रुंदी १० ते ११ फूट असे. सुमारे डझनभर वल्हेकरी आणि मागे सुकाणूवर तांडेल. कोकणातील मराठी वाचकाला हा शब्द घरचाच वाटेल. लाटांच्या रांगांमधली उसंत हेरून तांडेल इशारा देई आणि सगळे जीव खाऊन वल्ही मारीत. क्षण चुकला की होडी पालथी.

८/१७
मसुलाही निर्दोष नव्हती. शिवणीतून पाणी झिरपे, म्हणून एक माणूस सतत पाणी उपसत बसे. ती अवजड होती आणि दूरच्या प्रवासाच्या कामाची नव्हती. समुद्र फारच खवळला की किनाऱ्यावरून निशाण चढवून जहाजांना कळवले जाई की आता होड्यांची ये-जा बंद. मात्र अशा वेळीही एक वाहन लाटांत शिरे. त्याला बाजू नव्हत्या, पाणी साठायला पोकळीच नव्हती, म्हणून त्यात पाणी भरून ते बुडण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

९/१७
ते म्हणजे कट्टुमरम. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे तासलेले ओंडके दोरीने एकत्र बांधले की वाहन तयार. काम संपले की दोर सोडून ओंडके वाळूवर सुकत ठेवायचे. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डँपियरने १६९७ च्या आपल्या प्रवासग्रंथात कोरोमंडल किनाऱ्यावरील या वाहनाची नोंद केली आणि ‘कॅटमरान’ हा शब्द इंग्रजीत गेला. आज हा शब्द दोन सांगाड्यांच्या आधुनिक नौकेसाठी वापरतात. त्या नौकेची रचना मात्र पॉलिनेशियाच्या परंपरेतली आहे.

१०/१७
एडीने कट्टुमरमची मापेही दिली आहेत. ओंडके तीन, मधला सर्वांत लांब. लांबी २० ते २५ फूट, रुंदी अडीच ते साडेतीन फूट. चालवणारे दोघे. ते गुडघ्यांवर बसून किंवा गरजेप्रमाणे उभे राहून वल्हे मारीत. पुढची नाळ किंचित वर उचललेली असे, त्यामुळे समोरची लाट फुटली तरी टोक पाण्यात घुसत नसे. लाटेने माणूस खाली फेकला गेला तर तो पोहत येऊन पुन्हा ओंडक्यांवर चढे.

११/१७
जहाज दिसताच कट्टुमरमवाले पत्रे घेऊन निघत. ती कोरडी राहावीत म्हणून डोक्यावरच्या निमुळत्या टोपीत ठेवत. मसुल्यातून प्रवासी उतरत असता आसपास कट्टुमरम तयार असे, कारण होडी उलटली तर माणसे उचलणारे तेच. बुडत्यांना वाचवणाऱ्यांना पदके दिली जात, असेही एडीने नोंदवले आहे. पहिल्या ब्रह्मी युद्धासाठी (१८२४ ते १८२६) मद्रासच्या पलटणी याच किनाऱ्यावरून रवाना झाल्या. सैन्याची ये-जा अखेर या कोळ्यांच्या डोळ्यांवर आणि दंडांवर अवलंबून होती.

१२/१७
आता आजच्या फळीकडे वळू. उभ्याने वल्हवण्याच्या ‘स्टँड-अप पॅडलबोर्ड’चा उगम हवाईत मानला जातो. वायकीकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यास काही जण लाटांच्या फळीवर उभे राहून वल्हे वापरत. २००० नंतर लेर्ड हॅमिल्टनसारख्या लाटस्वारांनी हा प्रकार जगभर नेला. कट्टुमरम या फळीचे पूर्वज नव्हे. दोन दूरच्या किनाऱ्यांवर माणसांनी एकाच अडचणीला स्वतंत्रपणे तोंड दिले, इतकेच म्हणता येते. म्हणूनच त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

१३/१७
पहिला निकष तरण्याचा. एक लिटर आकारमान साधारण एक किलो भार पाण्यावर तोलते. ८० किलोच्या माणसाला ८० लिटरची फळी पुरत नाही. फळीचे स्वतःचे वजन आणि उभे राहताना होणारी डगमग यांसाठी, विशेषतः नवशिक्याला, बरेच जास्त आकारमान लागते. दुसरा निकष रुंदीचा. लाटांसाठीच्या आजच्या फळ्या साधारण २८ ते ३२ इंच रुंद असतात. एडीच्या कट्टुमरमची सर्वांत कमी रुंदी ३० इंच भरते. उभ्या माणसाचा तोल दोन्हीकडे जवळपास तेवढीच जागा मागतो.

१४/१७
तिसरा निकष लांबीचा. लांब फळी लाट फुटण्याआधीच वेग धरते, पण चटकन वळत नाही. लाटांसाठी आज ८ ते १० फुटांची फळी सामान्य आहे. कट्टुमरमला जाळी आणि दोन माणसे वाहून न्यायची असत, म्हणून ते दुप्पट-अडीचपट लांब. चौथा निकष नाळेच्या उचलीचा. उभ्या, तीव्र लाटेत उचललेले टोक वाचवते. लहान लाटेत जोर मुळातच कमी असतो. तेथे फार वर वळलेली फळी पाणी ढकलत राहते आणि वेग मरतो. म्हणून लहान लाटांसाठी सपाट तळाची, रुंद आणि मागच्या बाजूसही भरदार फळी निवडतात.

१५/१७
यात सर्वगुणसंपन्न असे काहीच नाही. मसुल्याने वेग सोडून लवचिकता घेतली. कट्टुमरमने कोरडेपणा सोडला आणि न बुडण्याची हमी घेतली. काय सोडायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तीच लाट पाहिली होती. त्यांचे हे ज्ञान आज आपल्यापर्यंत येते ते एडीच्या लेखातून किंवा मद्रासच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिलेल्या जेम्स हॉर्नेल यांच्या १९२० च्या प्रबंधातून. वर्णन करणाऱ्यांची नावे ग्रंथांवर आहेत. ओंडके तासणाऱ्यांची नावे तेथे शोधून सापडत नाहीत, आणि किनाऱ्याचा इतिहास लिहिताना ही उणीव लक्षात ठेवावी लागते.

१६/१७
मग दरवाजाच बदलला. १८६१ मध्ये मद्रासला समुद्रात शिरणारा लोखंडी धक्का खुला झाला. १८६७ मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कामठीला जाणाऱ्यांसाठी पश्चिमेची वाट मोकळी झाली. डिसेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते मद्रास बंदराचा पायाचा दगड बसला. १८८१ च्या चक्रीवादळाने त्या बंदराच्या दगडी बांधांची मोठी हानी केली. बंदर पुन्हा उभारले गेले आणि मसुल्याची प्रवासी वाहतूक हळूहळू इतिहासजमा झाली. लाट न ओलांडता उतरता येऊ लागले, तशी ती ओलांडण्याच्या विद्येची सरकारला गरजही उरली नाही.

१७/१७
कट्टुमरम मात्र मासेमारीत टिकले. २००४ च्या त्सुनामीनंतर फायबरच्या होड्यांनी त्याची जागा झपाट्याने घेतली. आज चेन्नईजवळच्या कोवलम गावी कोळी समाजातील तरुण लाटस्वारी करतात आणि इतरांना शिकवतात. इकडे कामठीच्या कन्हानला फुटत्या लाटा नाहीत. तिच्या संथ पात्रावर आखूड, रुंद फळी निरुपयोगी ठरेल. तेथे लांब, निमुळती आणि सरळ रेषेत जाणारी फळी हवी. कन्हानचे पाणी वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने अखेर त्याच बंगालच्या उपसागरात पोहोचते. तेथे त्याची लाट होते, आणि तिच्यासाठी पुन्हा वेगळी होडी लागते.