जुने कॅमेरे आणि 'मिराई'

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील 'डाइन' या कंपनीच्या यंत्रणेवर मागण्यांचा असा लोंढा लोटला की ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारखी संकेतस्थळे कित्येक तास असंख्य लोकांना दिसेनाशी झाली. स्थळाच्या नावावरून त्याचा अंकांतील पत्ता सांगणे हे डाइनचे काम. तेच खुंटल्यामुळे स्थळे शाबूत असूनही सापडेनात. हा लोंढा सोडणारी यंत्रे मात्र सामान्य होती: पाळतीचे कॅमेरे, त्यांचे चित्रण साठविणारे डीव्हीआर आणि घरगुती राउटर.

त्यांना वश करणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव 'मिराई'. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ 'भविष्यकाळ' असा आहे. त्याची सारी भिस्त मात्र भूतकाळावर होती. १९६९ मध्ये जन्मलेल्या टेलनेट या पद्धतीने तो यंत्राचे दार ठोठावी आणि कारखान्यातच ठरविलेल्या नावांच्या व परवलीच्या शब्दांच्या सुमारे ६० जोड्यांतून निवडून लावून पाही. एवढ्यावर त्याचे काम भागे.

मालकांनी परवलीचा शब्द बदलला नाही, असा ठपका तेव्हा सर्रास ठेवण्यात आला. तो पुष्कळ अंशी अन्यायाचा होय. श्याँगमाय या चिनी कंपनीचे भाग असलेल्या अनेक यंत्रांत वेबपृष्ठाचा परवलीचा शब्द मालकाला बदलता येई. टेलनेटचा शब्द मात्र फर्मवेअरमध्येच कोरलेला असे, आणि त्याचे अस्तित्वही मालकाला ठाऊक नसे. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले असता स्मृतीत वसलेला मिराई नाहीसा होई खरा. परंतु दार उघडेच राहिल्याने तो लवकरच परते.

सप्टेंबर २०१५ मध्येच आपण दोष दूर केल्याचे कंपनीने सांगितले. हे विधान मान्य केले तरी जुन्या फर्मवेअरवर चालणारी यंत्रे तशीच उरली होती. अमेरिकेतील काही माल परत मागविण्याचे तिने जाहीर केले. पण तिचे भाग इतरांच्या नावाने विकलेल्या यंत्रांत बसविलेले असल्यामुळे आपला कॅमेरा त्यांपैकी आहे की नाही, हे ग्राहकाला कळणे दुष्कर होते.

मिराईच्या तिघा कर्त्यांनी २०१७ मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला. तथापि त्याची मूळ संहिता ३० सप्टेंबर २०१६ रोजीच उघड करण्यात आली होती, व तीवरून इतरांनी नवनव्या आवृत्त्या रचल्या. पुढे कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून व ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच सामाईक परवलीचा शब्द देण्यास कायद्याने बंदी झाली. सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान किती काळ पुरविणार, हे सांगणेही ब्रिटनने उत्पादकांवर बंधनकारक केले. त्यापूर्वी विकून भिंतीवर चढलेले कॅमेरे या तरतुदींच्या बाहेरच राहिले.